पायाखालची वाट

ट्रेकिंग म्हटलं की आपल्याकडे सह्याद्री आठवतो. राजगड, हरिश्चंद्रगड, पन्हाळा ते पावनखिंड. पावसाळा लागला की पुण्या-मुंबईच्या मित्रांचे फोटो यायला लागतात.. ढग, धबधबे, रंगीत रेनकोट. आणि मग हमखास एक प्रश्न येतो, "तुमच्या हिंगोलीत काय आहे रे चालायला?"

विचारणारा खोचकपणे विचारत नाही. त्याला खरंच वाटतं की चालायचं तर डोंगर हवा, डोंगरावर गड हवा. आमच्याकडे औंढ्याच्या आजूबाजूला टेकड्या आहेत, सिद्धेश्वरचं धरण आहे, कळमनुरीच्या पलीकडे इसापूरचा जलाशय आहे, कयाधूचं खोरं आहे. बाकी मोकळा माळ आणि काळी जमीन. कुठल्याही ट्रेकिंगच्या पुस्तकात यातलं फारसं काही सापडणार नाही. पण मला राहून राहून वाटतं की, महाराष्ट्रात चालणं ज्यांच्या अंगात मुरलंय अशा लोकांची यादी केली तर हिंगोली जिल्हा बराच वर असेल. फक्त त्याला आपण ट्रेकिंग म्हणत नाही.

आषाढी झाली की पंधरा दिवसांनी, कामिका एकादशीला, नर्सी नामदेवला परतवारी भरते. नर्सी हे नामदेव महाराजांचं जन्मस्थान मानलं जातं, कयाधूच्या काठावरचं. पंढरपूरला जाऊन आलेले आणि काही कारणानं जाऊ न शकलेले, सगळे त्या दिवशी नर्सीची वाट धरतात. दरवर्षी शेगावहून पंढरपूरला जाणारी गजानन महाराजांची पालखीही रिसोडवरून आमच्या सेनगाव, जवळा बाजार भागातून परभणीकडे जाते. पालखीच्या दिवशी गावंच्या गावं रस्त्यावर असतात. कुणी चहा करतं, कुणी पिठलं-भाकरी, कुणी नुसतं पाणी घेऊन उभं राहतं. आजकाल शहरात ज्याला 'कम्युनिटी इव्हेंट' म्हणतात, त्यात आणखी काय वेगळं असतं?

आता जरा नीट बघू. हे सगळं चालणं आता डांबरी रस्त्यावरून होतं. अकोल्याहून हिंगोली, कळमनुरी करत नांदेडकडे जाणारा १६१ क्रमांकाचा राष्ट्रीय महामार्ग असो की तालुक्याचे रस्ते असोत, दिंडी एका कडेनं आणि शेजारून ट्रक. भगव्या पताकेच्या मागे एक माणूस हातात लाल कापड घेऊन चालतो, तो भक्तीसाठी नाही, गाड्यांसाठी. मला त्याच्याकडे बघितलं की वाईट वाटतं. कारण गावागावांना जोडणाऱ्या जुन्या वाटा अजून कागदावर आहेत. त्या पायाखालून गेल्या इतकंच.

कागदावर म्हणजे कुठे? गावनकाशात. तलाठ्याकडे किंवा भूमी अभिलेख कार्यालयात आपल्या गावाचा नकाशा मिळतो. एकदा जरूर बघा. गावाची शिव, ओढे, सर्व्हे नंबर, आणि त्यांच्या मधून जाणाऱ्या तुटक रेषा. दोन समांतर तुटक रेषा असतील तर तो गाडीमार्ग. त्याची रुंदी साडेसोळा ते एकवीस फूट धरतात. एकच तुटक रेषा असेल तर तो पायमार्ग, सव्वाआठ फुटांचा. मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा चकित झालो. सव्वाआठ फूट! दोन माणसं डोक्यावर भारे घेऊन समोरासमोर आली तर कुणालाही वावरात उतरावं लागणार नाही, एवढी जागा. प्रत्यक्षात आज त्या जागी गेलात तर एकतर हातभर रुंदीचा धुरा सापडेल, नाहीतर सरळ सोयाबीन.

एकेरी तुटक रेषेवर मी अडतो, कारण खरा प्रश्न तिथेच आहे.

दुहेरी रेषेला वाली आहे. पांदण रस्त्यांसाठी गेल्या काही वर्षांत सरकारने खूप काही केलं. २०२१ मध्ये मातोश्री ग्रामसमृद्धी शेत/पाणंद रस्ते योजना आली, रोजगार हमीच्या जोडीनं. २०२५ च्या मे महिन्यात सरकारनं ठरवलं की शेतरस्ते किमान तीन मीटर रुंद असावेत आणि त्यांची नोंद सातबाऱ्याच्या 'इतर हक्क' रकान्यात व्हावी. त्याच वर्षी सप्टेंबरात सेवा पंधरवड्यात पाणंद रस्त्यांची मोहीमही निघाली. हे चांगलंच झालं. ज्यानं पावसाळ्यात हळदीची नाहीतर उसाची गाडी चिखलात रुतलेली पाहिली आहे त्याला या रस्त्यांची किंमत सांगायला नको. पण हे सगळे निर्णय नीट वाचले तर लक्षात येतं की त्यांच्या मध्यभागी ट्रॅक्टर आहे, मळणीयंत्र आहे. माणूस आहे तो चालवणारा. पायी जाणारा नाही.

कायद्याचंही तसंच. जमीन महसूल अधिनियम १९६६ चं कलम १४३ सांगतं की बांधावरून रस्ता मागता येतो, पण मागायचा कुणी, तर ज्याच्या नावावर जमीन आहे त्यानं. मामलेदार न्यायालय अधिनियम १९०६ चं कलम ५ आहे, त्यात शेताकडे जाणारी वहिवाटीची वाट कुणी अडवली तर तहसीलदार ती मोकळी करून देऊ शकतो. पण तिथंही विचार वावराचा आहे, आणि अडवल्यापासून सहा महिन्यांच्या आत दावा करावा लागतो.

आता सांगा, पायवाट कुणाची असते? वाडीवरून शाळेत येणाऱ्या पोरांची. निंदायला, वेचणीला जाणाऱ्या बायकांची. शेळ्या राखणाऱ्या म्हाताऱ्याची. ज्याच्याकडे एक गुंठा नाही पण दुसऱ्याच्या आखाड्यावर सालानं राहतो त्याची. यातल्या बहुतेकांच्या नावावर सातबारा नाही. त्यांची वाट मोडली तर ते कोणत्या कलमाखाली जाणार? आणि रोज बुडवून तहसीलच्या पायऱ्या चढणार कोण? ते काय करतात, तर लांबून वळसा घालून जातात. पंधरा मिनिटांची वाट पाऊण तासाची होते. पोर मुलगी असेल आणि वळसा सामसूम भागातून असेल तर आई-बाप म्हणतात, राहू दे आता शाळा. ही गोष्ट कुठल्याच नोंदवहीत येत नाही. कारण वाट 'बंद' झाल्याची नोंद नसते, ती नुसती चालायची थांबते.

२०११ च्या जनगणनेत हिंगोली जिल्ह्याची लोकसंख्या पावणेबारा लाखांच्या आसपास होती, आणि त्यातले साधारण ८५ टक्के लोक खेड्यात राहणारे. तेव्हा पायवाट हा काही चार हौशी लोकांचा विषय नाही.

शेतकऱ्याची बाजूही सांगायला हवी, नाहीतर हे लिखाण शहरी होईल. वाट मोडणारा प्रत्येकजण काही मुजोर नसतो. भावाभावांत वाटण्या होत होत तीन एकरांचे तुकडे पडले. त्यातून सव्वाआठ फूट सोडायचे म्हणजे त्याच्या पोटाला चिमटा. रोही आणि रानडुकरांनी तर वैताग आणलाय. रात्रभर मचाणावर जागून माणूस थकतो आणि शेवटी तारेचं कुंपण घालतो. कुंपण घातलं की वाट बंद. शिवाय येणारे-जाणारे हरभऱ्याचे ढाळे उपटतात, तुरीच्या शेंगा तोडतात, शेळ्या तोंड घालतात. आमच्या गावाकडची एक वाट अशीच तारेनं बंद झाली. मालक माझ्या चांगल्या ओळखीतला. त्याला विचारलं तर म्हणाला, "वाट बंद कराची हौस नाही दादा, डुकराला बोर्ड वाचता येत नाही ना." यावर काय बोलणार?

पण उपाय आहेत. इंग्लंडात शेताच्या कुंपणाला लाकडी पायऱ्या करून ठेवतात, माणूस चढून पलीकडे जातो, मेंढरू जात नाही. आपल्याकडे देवळाच्या किंवा बागेच्या दाराशी लोखंडी पाइपाचं वळणाचं दार असतं ना, ज्यातून माणूस जातो आणि गाय अडकते, तसलं एक दार धुऱ्यावर बसवायला किती खर्च येईल? एका दिवसाच्या बॅनरपेक्षा कमीच. पण असं दार बसवायचं तर वाट आहे हे आधी मान्य करावं लागतं, आणि ती मान्य करायला तिच्यावरून कुणीतरी चालत असलं पाहिजे.

इंग्लंडचं नाव निघालंच आहे तर थोडं सांगतो. १९३२ सालच्या एप्रिलमध्ये मँचेस्टरच्या आसपासचे गिरणी कामगार आणि इतर तरुण, शेकड्यांनी, किंडर स्काउट नावाच्या माळावर जाणूनबुजून चालत गेले. माळ जमीनदारांच्या शिकारीसाठी राखीव होता. काहीजण तुरुंगात गेले. पुढे १९४९ मध्ये तिथे कायदा झाला आणि प्रत्येक भागातल्या सार्वजनिक पायवाटा नकाशावर पक्क्या नोंदवायचं काम सुरू झालं. आजही तिथल्या चालणाऱ्यांच्या संघटना वाटा चालून बघतात आणि अडथळा दिसला की कळवतात. वाट नोंदवून झाली तरी चालावी लागतेच.

अमेरिकेची तऱ्हा वेगळी. तिथे अ‍ॅपलाचियन ट्रेल म्हणून सुमारे साडेतीन हजार किलोमीटरची पायवाट आहे. बेंटन मॅकके नावाच्या माणसानं १९२१ मध्ये कल्पना मांडली, १९३७ मध्ये वाट पूर्ण झाली, आणि तेव्हापासून तिची झाडलोट, डागडुजी बहुतांशी स्वयंसेवकांचे क्लब करतात. १९९३ पासून तिथे जूनच्या पहिल्या शनिवारी 'नॅशनल ट्रेल्स डे' पाळतात. त्या दिवशी लोक आपापल्या गावाजवळच्या वाटेवर जातात. कुणी फक्त चालतात, कुणी झुडपं तोडतात, कुणी पाट्या रंगवतात. मला यातली आवडलेली गोष्ट ही की सण आणि काम एकाच दिवशी. चालून झालं की फावडं, फावडं झालं की जेवण.

हे आपल्याला परकं आहे का? मुळीच नाही. शिवारफेरी हा शब्द आपला आहे. जलयुक्त शिवारच्या वेळी गावोगावी शिवारफेऱ्या झाल्या.. ओढे बघत, बांध बघत सगळं गाव फिरलं, आणि मग आराखडा झाला. पाणी फाउंडेशनच्या स्पर्धेत १ मे ला महाश्रमदान व्हायचं, शहरातली माणसं गावात येऊन खोदायची. म्हणजे चालणंही होतं, श्रमदानही होतं, पंगतही होती. फक्त ते पाण्यासाठी होतं, वाटेसाठी नव्हतं.

म्हणून माझं म्हणणं साधं आहे. आपल्या जिल्ह्यात वर्षातून एक दिवस वाटांचा असावा. आणि तो दिवस कार्तिकी एकादशीचा, किंवा तिच्या लगतच्या रविवारचा असावा.

१ मे कशाला नाही? जिल्हा तर त्याच दिवशी झाला, १ मे १९९९ ला, परभणीतून वेगळा. पण आमच्याकडचा मे महिना तुम्हाला माहीत नसेल तर एकदा दुपारी येऊन बघा. त्या उन्हात म्हाताऱ्या-कोताऱ्यांना आणि पोरांना चालवणं म्हणजे पाप. कार्तिकात हवा सुरेख असते. सोयाबीन निघालेलं असतं, तूर डोक्याएवढी उभी असते, कापूस फुटलेला, हरभरा नुकता उगवलेला. ओढ्यांना थोडं पाणी असतं. आणि कार्तिक शुद्ध एकादशी ही नामदेव महाराजांची जयंती. जो माणूस नर्सीपासून पंढरपूरला आणि तिथून पार पंजाबात घुमानपर्यंत गेला, ज्याची पदं गुरू ग्रंथ साहिबात आहेत, त्याच्या नावानं चालण्याचा दिवस पाळायचा नाही तर कुणाच्या?

दुसरं कारण व्यवहाराचं आहे. मघाशी सहा महिन्यांची मुदत सांगितली. आमच्याकडे वाटा बहुतेक मृगाच्या पेरणीत मोडतात. तिफण धुऱ्याला लागून एक तास जास्त घेते, पुढच्या वर्षी आणखी एक, आणि वाट जाते. जूनमध्ये मोडलेली वाट कार्तिकात गावानं चालून बघितली तर पाचेक महिनेच झालेले असतात. ज्यांची वावरं त्या वाटेवर आहेत त्यांना दाद मागायला अजून वेळ असतो. खरं तर दाद मागायची वेळच येऊ नये. सगळं गाव, त्यात मालकही, एकत्र त्या जागेवर उभं असेल तर बऱ्याच गोष्टी तिथल्या तिथे सुटतात. चावडीत जो माणूस तोंड फिरवून बसतो तो वावरात उभ्या-उभ्या "चला, दोन फूट घ्या इकडून" म्हणून मोकळा होतो, हे मी बघितलं आहे.

करायचं काय, तेही फार नाही. गावनकाशाची मोठी प्रत काढायची. शाळेतल्या सातवी-आठवीच्या पोरांच्या हातात द्यायची. बरोबर दोन म्हातारी माणसं हवीतच, कारण नकाशात नंबर असतात आणि नावं म्हाताऱ्यांकडे असतात. आंब्याचं वावर, पांढरी, अमक्याचं लवण, तमक्याचा दरा.. ही नावं पुढच्या वीस वर्षांत जातील. पोरांनी ती नकाशावर लिहायची. एक एकेरी तुटक रेषा निवडायची आणि तिच्यावरून शेजारच्या गावापर्यंत चालायचं. तिकडचं गाव अर्ध्या वाटेवर सामोरं येईल, शिवेवर भेट होईल. जिथे बाभळी वाढल्या तिथे कोयता, जिथे ओढ्यात उतरायला जागा नाही तिथे चार दगड. मग शिवेवरच्या झाडाखाली जेवण. एकादशी असेल तर भगर आणि शेंगदाण्याची आमटी. शेवटी ग्रामसभेत एक ठराव, की ही वाट आहे आणि गाव ती चालतं. एका वर्षी एक वाट. घाई नाही.

आणि जे करायचं नाही तेही सांगून टाकतो. बॅनर नको, टी-शर्ट नको, पाहुण्यांची भाषणं नकोत, डीजे तर नकोच नको. प्लास्टिकचे ग्लास नेऊन वाटेवर फेकायचे असतील तर वाट मोडलेली बरी. कुणाच्या उभ्या पिकातून जायचं नाही, वाट तिथून जात असली तरी त्या वर्षी धुऱ्यानं जायचं आणि मालकाशी बोलायचं. कुणी प्रेमानं काही खायला दिलं तर घ्यायचं. पहिल्या वर्षी जर एखाद्याच्या वावराचं नुकसान झालं तर दुसऱ्या वर्षी कुणी येऊ देणार नाही, आणि त्याचं बरोबर असेल.

जरा मोठं स्वप्नही आहे. नामदेवांना गुरू भेटले ते औंढा नागनाथला, विसोबा खेचर. पिंडीवर पाय ठेवून झोपलेल्या विसोबांची गोष्ट आपल्याकडे लहान पोरालाही येते. मग नर्सी ते औंढा अशी एक पायवाट का असू नये? डांबरी नव्हे. गावनकाशातल्या तुटक रेषा एकमेकींना जोडत, वाड्या-वस्त्यांतून, माळावरून आणि टेकड्यांतून जाणारी. दोन दिवसांचं निवांत चालणं, मधल्या गावात मुक्काम, कुणाच्या ओसरीवर भाकरी. मुक्कामाचे चार पैसे त्या गावच्या बायकांना मिळतील. औंढ्याजवळ दुधाळ्याला लायगो-इंडियाची वेधशाळा होते आहे, गुरुत्वीय लहरी टिपणारी. केंद्रानं २०२३ च्या एप्रिलमध्ये त्यासाठी २६०० कोटी मंजूर केले. पुढे-मागे तिथं देशोदेशीची माणसं येतील आणि तीही विचारतील, इथे बघण्यासारखं काय आहे? त्यांना दाखवायला आपल्याकडे देऊळ आहे, धरण आहे. एक चालती वाटही असावी.

काहीजण म्हणतील, हे सगळं हौसेचं आहे, गावात प्यायला पाणी नाही, पोरांना नोकऱ्या नाहीत, सोयाबीनला भाव नाही, आणि तुम्हाला पायवाटा सुचतात. हा आक्षेप मला मान्य आहे, अर्धा. पायवाटेनं भाव वाढणार नाही. पण ज्या कामाला पैसा जवळजवळ लागत नाही, मंजुरी लागत नाही, ते काम भाव वाढेपर्यंत थांबवून काय मिळतं? उलट मोठ्या प्रश्नांसाठी गावाला एकत्र यावं लागतं, आणि एकत्र यायची सवय अशा लहान गोष्टींनीच लागते. आज गाव एकत्र येतं ते लग्नाला, मयतीला आणि निवडणुकीला. त्यातल्या तिसऱ्यानं तर एकत्र यायच्या ऐवजी फुटतंच.

दुसरे म्हणतील, आता प्रत्येक घरात मोटारसायकल आहे, चालतं कोण? घरात मोटारसायकल आहे हे बरोबर. ती घरातला कोण चालवतो ते बघा. उरलेले सगळे अजून पायीच आहेत.

असो. बरंच लांबलं. मराठीत 'पायाखालची वाट' म्हणजे इतकी ओळखीची वाट की डोळे मिटूनही चुकणार नाही. माझ्या आजीच्या पायाखाली अशा दहा-बारा वाटा होत्या.. माहेरची, बाजाराची, नदीची, लेकीच्या गावची. माझ्या पायाखाली दोन आहेत. माझ्या पुतण्याला विचारलं तर तो मोबाइल काढतो, आणि त्या नकाशात आमच्या गावाभोवती एक डांबरी रस्ता सोडला तर सगळं कोरं आहे.

येत्या कार्तिकीला आमच्या गावातून शेजारच्या गावापर्यंत एक रेष चालून बघायचं आम्ही काहीजणांनी ठरवलंय. नकाशाची प्रत काढून आणलीय. तार घालणाऱ्या त्या ओळखीच्या मालकालाही बोलावलंय, तो बघू म्हणालाय. तुमच्या गावच्या नकाशात अशा किती रेषा आहेत? त्यातली शेवटची तुम्ही कधी चालला होता?